आरएक्स १०० चं जुनं रेस इंजिन: वडिलांसोबत, खिसा सांभाळून पुन्हा बांधताना

शर्यतीत धावलेलं यामाहा आरएक्स १०० चं इंजिन विकायला निघालं की विकणारा हमखास म्हणतो, "फक्त रिंगा टाका, चालू होईल." हे ऐकलं की भाव पाडायला सुरुवात करा. रिंगा, म्हणजे पिस्टनवरच्या कड्या, टाकून चालू होणार असतं तर त्यानेच टाकल्या असत्या.

पहिलंच इंजिन खोलणाऱ्यांसाठी हा लेख आहे. खिशात मोजके पैसे आहेत आणि सोबतीला घरातलंच एक मोठं माणूस आहे, हे गृहीत धरलंय. आमच्याकडे ते माणूस म्हणजे अण्णा, माझे वडील. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी लेथवर उमेदीची वर्षं घालवली. तुमच्याकडे आई असेल, मामा असेल. गाडीतलं त्यांना काही कळत नसलं तरी चालेल, फक्त त्यांना घाई नसावी.

आरएक्स १०० च का

एस्कॉर्ट्सने यामाहाची ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनवली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारं इंजिन. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) हाही ५० मिमी, ताकद ११ बीएचपी. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. ब्लॉकच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतो आणि झाकतो. शिकायला यापेक्षा सोपं इंजिन मिळणार नाही, आणि सुटे भाग आजही मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत एक चक्कर मारली तर निम्मी यादी संपते.

ट्यूनरांचा या गाडीवर जीव जडला तोही या साधेपणामुळेच. पोर्ट घासले, हेड (ब्लॉकवरचं झाकण) तासून उतरवलं, सायलेन्सर बदलला की गाडी वेगळीच पळते. पण तुमच्या हातात येणारं इंजिन असंच कुणीतरी घासलेलं, उतरवलेलं असतं आणि काय केलं याची नोंद कुठेच नसते. त्यामुळे कारखान्याच्या पुस्तकातली सगळी मापं जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तुम्हालाच मोजावं लागतं.

कमी पैशात काम करण्याची किल्लीही मोजण्यातच आहे. मोजायला फारसा खर्च येत नाही, अंदाजाने आणलेला भाग मात्र महागात पडतो.

विकत घेताना

विकणाऱ्याला इंजिन स्वच्छ करू देऊ नका. तेलाचे ओघळ कुठून आलेत ते घाणीवरच दिसतं. प्लग काढून बोटाने भोक झाका आणि किक मारून बोटाला दाब जाणवतो का बघा. किक हलतच नसेल तर जोर लावू नका. पिस्टन ब्लॉकला चिकटलेला असतो आणि जोर लावला की रिंगा तुटून पोर्टमध्ये अडकतात. जॅम इंजिन घ्यायला हरकत नाही, फक्त ते क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा), ब्लॉक आणि पिस्टन तिन्ही गेलेत असं धरूनच घ्या.

मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक, हाताने वर-खाली हलवा. हललं तर क्रँकचे बेअरिंग गेले. चेंबरच्या (क्रँक ज्यात बसते त्या कवचाच्या) तळाला आणि इंजिन बसवायच्या कानांना वेल्डिंग आहे का ते बघा. इंजिन नंबर घासलेला असेल तर तिथूनच मागे फिरा, भाव कितीही चांगला असो. नंबर नीट असला तरी कागदावर लिहून, सही करून घ्या.

आणि हे इंजिन ट्रॅकसाठीच आहे. गाडीत असे बदल करून ती रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचं) लायसन्स लागतं आणि आपल्या गटाचे नियम आधी वाचावे लागतात. ते का, हे बोअरच्या वेळी कळेल.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात न मोजता, न बघता नवीन घ्यायच्या वस्तू: क्रँकची दोन्ही ऑइल सील, गिअरबॉक्सची सील, क्रँकचे बेअरिंग, पॅकिंग सेट, गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची) लॉकं आणि तिचा नीडल बेअरिंग. हे सगळं मिळूनही फार मोठा आकडा होत नाही. दुसऱ्या रकान्यात मोजूनच ठरवायच्या वस्तू: पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड किट, क्लच प्लेटा, गिअर, रीड (इनटेकच्या वाटेवरच्या पातळ पट्ट्या). मोजमाप होईपर्यंत दुसऱ्या रकान्यातलं काहीही आणायचं नाही, दुकानदार कितीही म्हणाला, "आत्ता आहे, उद्या नाही मिळायचं."

पॉलिश, रंग, चकचकीत बोल्ट, बाहेरून मागवलेला एक्स्पान्शन चेंबर (शर्यतीचा सायलेन्सर) हे सगळं शेवटी. त्यासाठी पैसे उरत नाहीत, आणि तेच बरं.

बेअरिंगच्या बाबतीत मात्र काटकसर नको. जुन्या बेअरिंगवरचा नंबर अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. मागे सी-३ असेल तर तेही मागा. आतल्या गोळ्यांना थोडी जास्त मोकळीक असते, आणि क्रँक तापल्यावर ती लागते. मोठ्या वितरकाकडून बिल घेऊनच घ्या. डब्यावर नाव एका कंपनीचं आणि आत माल भलताच, हा प्रकार बाजारात भरपूर आहे.

इथेच घरातल्या मोठ्या माणसाशी पहिली चकमक उडते. ज्या पिढीने वाकडे खिळे सरळ करून वापरले तिला सुस्थितीतली वस्तू टाकवत नाही. आमच्याकडे गजन पिनच्या लॉकांवरून झाली. "अगं, याला काय झालंय? अजून चार वर्सं जाईल की." दिसायला लॉक चांगलंच होतं. पण एकदा काढताना वाकलेलं लॉक खाचेत पूर्वीसारखं दाबून बसत नाही. ते सुटलं तर गजन पिन ब्लॉकच्या भिंतीला नांगरत जाते आणि काही रुपयांपायी आख्खा ब्लॉक जातो. शेवटी तह झाला: पहिल्या रकान्यावर वाद घालायचा नाही. बाकी बोल्ट, डॉवेल, क्लचच्या स्प्रिंगा यांवर अण्णांचा शब्द अखेरचा. त्यांनी वाचवलेल्या वस्तूंनी पहिल्या रकान्याचा बराच खर्च भरून काढला.

खोलताना

आधी बाहेरून धुवा. डिझेल आणि ब्रश पुरतो. पेट्रोलने धुऊ नका, आणि जवळपास देव्हारा किंवा गॅस असेल तर तिथे तर मुळीच नको.

चेंबरचे स्क्रू फुलीचे दिसतात, पण त्यांची फुली जपानी मापाची आहे. बाजारातला साधा स्क्रू-ड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही. घसरतो आणि डोकं गोल करतो. इंपॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडी वापरा. टोक खोलवर बसेल असं हवं. हे हत्यार विकतच घ्या, इतर कामांनाही येतं.

मॅग्नेट काढायला पुलर लागतो. शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणा. हातोडीने मॅग्नेट ठोकलं तर क्रँक वाकते, आणि वाकलेली क्रँक डोळ्यांना दिसत नाही.

हेडचे नट आडवे-तिरपे, थोडे थोडे सैल करा. ब्लॉक उचलला की चेंबरच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा, मग लॉकांना हात लावा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. एका भागाचे स्क्रू एका पिशवीत आणि पिशवीवर नाव. साइड कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा. ही अण्णांची पद्धत. फोटोपेक्षा ती जास्त उपयोगी पडली.

चेंबर डावं-उजवं असं उभं उघडतं. दोन भागांच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होईल. तिथे एक ओरखडा पडला तरी हवा कायमची गळत राहते. पुलर लावा किंवा प्लास्टिकच्या हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोका.

मोजायचा दिवस

याच्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवा. खोलायच्या दिवशीच मोजू नका; हात काळे असतात आणि डोकं थकलेलं.

बोअर गेज आणि मायक्रोमीटर विकत घेण्याची गरज नाही. जिथे ब्लॉक बोअर करून (आतून कापून मोठा करून) घेणार त्याच वर्कशॉपमध्ये जा, काम त्यांनाच देणार आहे हे सांगा आणि समोर मोजायला लावा. बोअर वर, मध्ये आणि खाली मोजायचा. प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, एकदा गजन पिनच्या रेषेत आणि एकदा तिला काटकोनात. सहा आकडे वहीत लिहा. वरच्या-खालच्या मापांत ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगांनी भागणार नाही, बोअर करावाच लागेल.

अण्णा थाऊमध्ये बोलतात, मी मायक्रॉनमध्ये लिहिते. एक थाऊ म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. वहीत एकच एकक ठेवा. मापं एकाने घ्यायची आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचून लिहायची. अण्णांना मायक्रोमीटरच्या रेघा आता दिसत नाहीत, पण दांडा किती दाबायचा याची जाण त्यांच्या बोटांत आहे. म्हणून ते धरतात आणि मी वाचते.

पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी ओव्हरसाईजमध्ये मिळतात. आधीच्या मालकाने किती वापरलंय ते जुन्या पिस्टनच्या डोक्यावर कोरलेलं असतं. शेवटच्या मापावर बोअर ५१ मिमी होतो आणि इंजिन ९८ चं १०२ सीसी. तुमच्या गटाची मर्यादा १०० सीसी असेल तर खेळ त्याआधीच संपतो. मग नवं लायनर (ब्लॉकमधली लोखंडी नळी) घालून मूळ मापावर यावं लागेल. ओव्हरसाईज निवडताना नेहमी सगळ्यात लहान पायरी घ्या. पुढचं एक काम त्यामुळे शिल्लक राहतं.

क्रँकचा रॉड वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा सरकणं ठीक आहे, वर-खाली किंचितही टक् झालं तर रॉड किट टाकायचं. मग क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावा. शाफ्टच्या टोकाला ३० मायक्रॉनपेक्षा जास्त वॉबल (डगमग) असेल तर ती ट्रू, म्हणजे सरळ, करून घ्यावी लागेल. ही क्रँक दाबून जोडलेली असते, त्यामुळे पिन काढणं-घालणं हायड्रॉलिक प्रेसवरच होतं. हे काम घरी नाही आणि शिकाऊ मिस्त्रीकडेही नाही. खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा इथेच येतो, आणि तो द्यावा.

गिअरच्या बाजूचे दात, म्हणजे डॉग, बघा. कोपरे गोल झाले असतील तर शर्यतीत गिअर निसटतो. आरएक्स १०० ला चारच गिअर, त्यात दुसऱ्याचे डॉग आधी बघा.

ब्लॉक आणि हेड

पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि ब्लॉक त्या पिस्टनच्या मापावर बोअर करून घ्यायचा. उलट कधीच नाही. पिस्टन खालच्या कडेच्या जरा वर, गजन पिनला काटकोनात मोजतात. कास्ट पिस्टन तापून फुगतो, म्हणून पिस्टन आणि बोअर यांत ४० मायक्रॉनच्या आसपास जागा ठेवतात. ट्रॅकसाठी आम्ही थोडी वाढवून घेतली. बोअर करणाऱ्याला आकडा कागदावर लिहून द्या. "टू-स्ट्रोक आहे, तुमच्या अंदाजाने करा" असं म्हणून निघून येऊ नका.

बोअर झाल्यावर पोर्टांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या गोलसर मारून घेतल्याच पाहिजेत, नाहीतर रिंग अडकून तुटते. बऱ्याच वर्कशॉपमध्ये हे विसरतात. ब्लॉक हातात घेतला की प्रत्येक पोर्टच्या कडेवरून नख फिरवा. एक्झॉस्ट पोर्ट आधीच्या मालकाने फारच रुंद केलेला असेल तर रिंग त्यात फुगून बाहेर येते आणि तो ब्लॉक कायम रिंगा खात राहतो. अशा ब्लॉकवर पैसे घालण्यापेक्षा दुसरा ब्लॉक शोधा.

मग ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, पांढरं फडकं फिरवल्यावर काळं होणार नाही इतका. होनिंगची (बोअरनंतर भिंत बारीक घासतात त्याची) भुकटी डिझेलने निघत नाही. पुसून लगेच तेलाचा हात, कारण ओलं लायनर बघता बघता गंजतं.

रिंग ब्लॉकमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ०.१५ ते ०.३५ मिमीच्या आत हवी.

हेड उतरवलेलं असेलच. किती, ते कळायला प्लगच्या भोकातून दीड-दोन मिमी जाडीची सोल्डरची तार आत घाला, भिंतीला टेकेल अशी, गजन पिनच्या रेषेत. क्रँक हाताने फिरवून वरच्या टोकापलीकडे न्या आणि तार काढून चेपलेलं टोक मोजा. ०.९ ते १.२ मिमी असेल तर छान. त्याहून कमी असेल तर जाड पॅकिंग लावा.

नंतर पिस्टन अगदी वर आणून, इंजिन प्लगचं भोक सरळ वर येईल असं धरून, सिरिंजने पातळ तेल भोकाच्या आट्यांच्या तळापर्यंत भरा. किती मिली मावलं ते लिहा. १० मिली मावलं तर ९८ अधिक १०, भागिले १०, म्हणजे दाब साधारण १०.८ पट. ९ मिलीला तो ११.९ होतो. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर १२ च्या पुढे जाऊ नका. पुस्तकातला आकडा याहून बराच कमी दिसेल. जपानी कंपन्या एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावर उरलेल्या स्ट्रोकवरून तो काढतात. दोन्हींची तुलना करून घाबरू नका.

बांधताना

चेंबर शंभर अंशांच्या आसपास तापवा. हॉट प्लेट चांगली, गॅसची ज्योत थेट नको. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून उडाला, म्हणजे झालं. बेअरिंग आदल्या रात्री प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, स्वयंपाकघराच्या परवानगीने. मग बेअरिंग हाताने अलगद बसतो. ठोकावा लागला तर चेंबर थंड झालंय, पुन्हा तापवा.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगेची टोकं पिस्टनच्या खाचेतल्या बारीक खुंटीवर येतात. ब्लॉक खाली सरकवताना ती जागेवर आहेत का हे एकाने बोटाने तपासायचं आणि दुसऱ्याने ब्लॉक धरायचा. इथे चार हात खरंच लागतात. सीलंट अगदी पातळ लावा, आत फुगून आलेला गोळा थेट क्रँकवर पडतो.

मग रक्तदाब मोजायचं यंत्र आणा. चेष्टा नाही. टू-स्ट्रोकच्या चेंबरला हवा धरून ठेवता आली पाहिजे. मॅग्नेटकडचं सील गळलं तर बाहेरची हवा आत येऊन मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो. क्लचकडचं गळलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो. तपासायची तयार यंत्रं महाग असतात, पण घड्याळवाल्या जुन्या बीपी यंत्राचा रबरी फुगा आणि काटा अगदी हेच काम करतात. एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पट्टीने बंद करा, इनटेकला रबरी बूच लावून त्यातून बीपीची नळी आत घाला, आणि ३०० पर्यंत हवा भरा. त्याहून जास्त नको, सील उलटतात. मिनिटभरात काटा ५० पेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. सगळी मेहनत पणाला लागलेली असते, तरी ही चाचणी बरेच लोक करत नाहीत; उद्यमनगरात कुणालाही विचारा, हसत मान डोलावतील.

पहिला स्टार्ट

शर्यतीच्या इंजिनावर तेलाचा पंप बहुधा काढून टाकलेला असतो. म्हणजे टू-टी ऑइल तुम्हालाच पेट्रोलमध्ये मिसळायचं: सुरुवातीला लिटरला ४० मिली. दोघं काम करत असले की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने टाकलंय. मिसळायचं काम एकाचंच, आणि मिसळल्यावर कॅनवर तारीख व प्रमाण लिहायचं. आमच्याकडे न लिहिलेल्या कॅनमधलं पेट्रोल मोपेडमध्ये जातं.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. त्याला तितक्याच हवेत जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या मेन जेटने (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या मोजक्या भोकाने) मिश्रण पातळ पडतं. सुरुवात एक-दोन नंबर मोठ्या जेटने करा. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका.

चालू झालं की नुसतं आयडलवर सोडू नका आणि पिळूही नका. हलका थ्रॉटल वर-खाली करत हेड चांगलं तापेपर्यंत चालवा, बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा. मग थंड हेडचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. ट्रॅकवर गेल्यावर सरळ पट्ट्यात एकदम ताकद ओसरल्यासारखी वाटली तर पिस्टन चिकटतोय असं धरून त्याच क्षणी क्लच दाबा आणि थ्रॉटल सोडा. डावी दोन बोटं क्लचवर कायम असावीत.

प्लग बघून जेट ठरवायचा तर पूर्ण थ्रॉटलवरून क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. आत, खाली पांढऱ्या चिनीमातीच्या मुळाशी तपकिरी कडं दिसायला हवं. सगळंच पांढरं असेल तर मोठा जेट, ओलं काळं असेल तर एक नंबर लहान. अण्णांचं मत आवाजावरून जेट कळतो असं आहे. त्यांना कळतही असेल. तरी प्लग काढायचाच, आणि दोन्ही मतं वहीत लिहायची.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर गिअर ऑइल गरम असतानाच काढा आणि पांढऱ्या भांड्यात गाळून चुंबक फिरवा. राखाडी पीठ आलं तर ठीक, क्लच आणि गिअर जागेवर बसताहेत. चकाकणारी कपची आली तर क्लच कव्हर पुन्हा उघडा.